वहिनींच्या पुढ्यातला माइक

मी नगरपालिकेच्या सभागृहातला माइक बोलतोय. हो, आज स्वतःचंच बोलतोय. एरवी आयुष्य गेलं ते दुसऱ्यांचे आवाज वाहण्यात.

कारखान्यातून आलो आणि थेट या लांब टेबलावर स्क्रूने आवळला गेलो. माझ्यापुढे तेव्हा एक ठेकेदार सदस्य म्हणून बसायचा. बोलण्याआधी मला दोन टिचक्या मारायचा आणि मग जे ओरडायचा, त्याला माझी काय गरज होती कोण जाणे!

मग त्याचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. त्यानं बायकोला उभं केलं. ती निवडून आली आणि माझ्यापुढे बसली. सगळे तिला वहिनी म्हणायचे. ठेकेदार तिच्या मागे खुर्ची टाकून बसे आणि तिच्या खांद्यावरून वाकून माझ्यात बोले, ‘आमचा पाठिंबा आहे.’ अध्यक्ष हसून म्हणत, ‘वहिनींचा पाठिंबा. लिहून घ्या.’ वहिनींचा आवाज मला फक्त हजेरीपुरता ठाऊक होता.

एका सभेला मंडईतलं पाळणाघर पाडून तिथं गाळे बांधायचा ठराव आला. गाळ्यांचं काम कुणाला मिळणार हे उघड गुपित होतं. भाजीवाल्या बाया पोरांना काखोटीला मारून बाहेर व्हरांड्यात जमल्या होत्या. आतलं सगळं त्यांना तिथल्या कर्ण्यावर ऐकू जात होतं.

मतं समसमान पडली. राहिल्या वहिनी.

ठेकेदार सवयीनं पुढे वाकला. वहिनींनी त्याच्या आधी माझं बटण दाबलं. माझा लाल दिवा लागला. त्यांचा श्वास माझ्या जाळीवर आदळत होता.

‘माझा विरोध आहे.’

अध्यक्ष चाचरले, ‘वहिनी, जरा विचार करून बोला.’

‘वहिनी घरी. इथं सदस्य म्हणा.’ आवाज कापत होता, पण थांबला नाही. ‘ह्यांच्या हाताला काम नव्हतं तेव्हा मी त्याच मंडईत भाजी विकलीय. माझी लेक त्या पाळणाघरात निजायची. ते मी पाडू देणार नाही.’

ठेकेदाराचा चेहरा काळाठिक्कर पडला. तो तिच्या कानाशी लागून दातओठ खात पुटपुटला, ‘घरी चल तू. तंगडंच मोडतो तुझं.’

मी चालू होतो. हे त्या रागावलेल्या गड्याच्या ध्यानातच आलं नाही. ते वाक्य सभागृहात घुमलं, व्हरांड्यातल्या कर्ण्यावर घुमलं.

वहिनी पांढऱ्याफटक पडल्या होत्या. पण बटणावरचं बोट त्यांनी काढलं नाही. ‘सगळ्यांनी ऐकलंत ना? हेही लिहून घ्या.’

अध्यक्ष समोरचे कागद चाळू लागले. शेवटी टेबलाच्या टोकाच्या वकीलबाई उठून उभ्या राहिल्या. ‘जो सदस्य नाही, त्यानं बाहेर व्हावं. आत्ताच्या आत्ता.’ ठेकेदार खुर्ची लाथाडून गेला. व्हरांड्यात बायांनी त्याला वाट दिली, पण नजर एकीनंही खाली घातली नाही.

ठराव बारगळला. त्या संध्याकाळी वहिनी घरी गेल्या नाहीत. बाया त्यांना लेकीच्या सासरी पोचवून आल्या, असं शिपायाच्या बोलण्यातून कळलं. पुढच्या सभेला त्या येईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. आल्या. मागे कुणी नव्हतं. माझी मान वाकवून त्यांनी मला आपल्या उंचीला आणलं आणि मंडईतल्या नळापासून सुरुवात केली. त्यानंतर अध्यक्षांनाच हात जोडावे लागत, ‘सदस्य, आता आवरा!’

यंदा त्या वॉर्डाचं आरक्षण उठलं. शेवटच्या सभेत अध्यक्ष हळहळून म्हणाले, ‘तुमची जागा गेली हो.’

‘गेली कुठं? खुली झालीय. मी फॉर्म भरलाय.’

निवडणुकीत त्यांच्यासमोर ठेकेदारच उभा आहे.

उद्या मतमोजणी. सभागृह झाडून झालंय, मला नवी वायर जोडलीय. माइकनं कुणाची बाजू घेऊ नये, आलेला आवाज पुढे द्यावा. जन्मभर तेच केलं. पण मतदारांनो, आजची रात्र मला माफ करा. मी बाजू घेतलीय.