जांभळ्या दिव्याखालच्या बशा

सासूबाईंच्या बारा बशा शिंपल्याच्या आकाराच्या, जुन्या चिनी मातीच्या, काठाला सोन्याची बारीक रेघ. केल्या होत्या गोड वाढायला, पण अकरा वर्षांत त्यांत कुणी काही खाल्लेलं मी पाहिलं नाही. आम्ही दोघी सुना त्या नुसत्या पुसायचो.

लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात माझ्या हातून एकीचा काठ फुटला. तुकडे रुमालात बांधून मी बाजारामागच्या सांधणाऱ्याकडे गेले. त्यानं अशी जोडून दिली की मलाही ओळखू येईना. पण सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "धाकटीच्या हातून टाचणीसुद्धा पडत नाही," आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आता बशा दोघींना वाटून द्यायच्या म्हणून त्यांनी जुन्या वस्तूंचा पारखी बोलावला. त्यानं पडदे ओढले आणि पिशवीतून जांभळा दिवा काढला.

"जोडकाम असेल तर या उजेडात पांढरं चमकतं," तो म्हणाला.

आधीच कबूल केलेलं बरं.

"आई, एक सांगायचं होतं."

"नंतर सांग."

पहिल्याच बशीत मधोमध पांढरी रेघ उमटली. ती माझी नव्हतीच! शेजारी जाऊबाई उगाच खोकल्या. दुसरी स्वच्छ निघाली. तिसरीचा काठ लख्ख चमकला.

"ही माझ्याकडून," मी म्हटलं.

"आणि पहिली माझ्याकडून," जाऊबाई पुटपुटल्या.

पुढच्या दोन बशाही चमकल्या. त्या आम्हा दोघींपैकी कुणाच्याच नव्हत्या. सासूबाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"एक धुताना गेली. दुसरी तुमच्या सासऱ्यांवर भिरकावली होती. नेम चुकला."

"बाजारामागचाच सांधणारा?" जाऊबाईंनी विचारलं.

"त्याचा बाप."

"घरोघरी मातीच्या चुली," पारखी म्हणाला, "इथे चिनी मातीच्या."

मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. अकरा वर्षांनी छाती भरून श्वास घेतला. जाऊबाईंनी पडदे बाजूला सारले, सासूबाईंनी खीर आणायला लावली, आणि पारख्यासकट चौघांनी त्या चार बशांमध्येच खाल्ली.

"पण आई," मी विचारलं, "ते टाचणीचं सारखं का सांगायचात?"

सासूबाई बशीतली खीर चमच्यानं गोळा करत राहिल्या. "मला ते खरंच वाटायचं. तू इतकी जपून वागायचीस. म्हटलं, हिला माझं कळलं तर काय म्हणेल? तुझीच भीती वाटायची गं मला."