बोनात्साचा निळा झेंडा

मित्रांनो, झेंडा म्हटलं की तुम्हाला कुठला तरी देश आठवत असेल. मी मात्र कुठल्याच देशाचा नाही. मी एका फुटबॉल क्लबचा झेंडा आहे, आणि तो क्लबही आता राहिलेला नाही. माझा रंग निळा. मधोमध पांढरा पट्टा आणि त्या पट्ट्यावर क्लबचं नाव आणि एक चंदेरी मासा. मासा जरा जाडजूड झाला आहे, कारण तो भरणाऱ्या बाईकडे चंदेरी दोरा भरपूर होता आणि तो वाया घालवणं तिच्या जिवावर आलं.

त्या बाईचं नाव तोंका. क्रोएशिया देशात, समुद्राच्या काठी, माला द्रागा नावाच्या गावात ती बोटींची शिडं शिवायची. गावात मासे डबाबंद करण्याचा एक कारखाना होता. तिथल्या कामगारांनी पूर्वी कधीतरी फुटबॉल क्लब काढला आणि त्याला नाव दिलं बोनात्सा. तिकडे वारा पडल्यावर समुद्र शांत होतो, त्या शांततेला बोनात्सा म्हणतात. एका हिवाळ्यात वादळाने क्लबचा आधीचा झेंडा समुद्रात उडवून नेला, तेव्हा तोंकाने शिडाच्या कापडातून मला शिवलं. त्यामुळे वाऱ्याची भीती मला कधी वाटली नाही.

आमचं मैदान अगदी पाण्याला लागून होतं. कुणी जोरात चेंडू मारला की तो भिंतीपलीकडे समुद्रात पडायचा. सामना असला की एक म्हातारा होडी घेऊन भिंतीमागे थांबायचा आणि जाळीने चेंडू काढून परत फेकायचा. बहुतेक सामने आम्ही हरायचो. हरलो तरी संध्याकाळी सगळे क्लबच्या कॅन्टीनमध्ये गाणी म्हणायचे. मला उतरवून घडी घालताना तोंका माझ्यावरची धूळ हाताने झटकायची आणि कपाटात ठेवायची. त्या वर्षांत मला काही कमी नव्हतं.

पुढे कारखाना बंद पडला. तरुण मुलं कामासाठी जर्मनीला जाऊ लागली. अकरा खेळाडू जमवणं कठीण झालं. असं वाटू लागलं की आता क्लबही जाणार. अशा दिवसांत सिंगापूरहून प्रबोध आला.

प्रबोध मूळचा पुण्याचा. सिंगापूरच्या तांजोंग पगार भागात एका गुंतवणूक कंपनीत मॅनेजर होता. त्याच्या कंपनीला युरोपातला एखादा लहान क्लब स्वस्तात घेऊन मोठा करायचा होता. तो आला तेव्हा पाऊस पडून गेलेला होता, आणि तो काळे चकचकीत बूट घालून सरळ चिखलात उतरला. लोक हसले, तोही हसला. तो मासे खात नाही हे कळल्यावर तोंकाने त्याच्यासाठी पालेभाजी आणि बटाटा शिजवला. त्याने दोनदा वाढून घेतलं. क्लबचं गाणंही तो शिकला, अर्थात त्याचे उच्चार ऐकून पोरं हसून गडाबडा लोळायची.

क्लब गावाचा होता. तो कंपनीला द्यायचा की नाही हे ठरवायला कॅन्टीनमध्ये सभा झाली. जुनी माणसं नको म्हणत होती. तेव्हा तोंका उठून म्हणाली, "कंपनीला मी ओळखत नाही. पण या माणसाला ओळखते. हा फसवणार नाही."

तिच्या शब्दावर हात वर झाले.

त्यानंतर जे घडलं ते स्वप्नासारखं होतं. नवा प्रशिक्षक आला, मैदानावर दिवे लागले, बाहेरचे चांगले खेळाडू आले. पण कर्णधार आमच्याच गावचा राहिला. त्याचं नाव मातेओ. तो मधल्या फळीत खेळायचा आणि चेंडू पायाला बांधल्यासारखा घेऊन जायचा. दर वर्षी आम्ही एक पायरी वर चढत गेलो आणि शेवटी देशाच्या सर्वांत वरच्या विभागात पोचलो. ज्या गावाचं नाव नकाशावर भिंग लावून शोधावं लागायचं, ते नाव टीव्हीवर ऐकू येऊ लागलं. प्रबोध दर महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. प्रत्येक विजयानंतर तो वर माझ्याकडे बघायचा. त्याला खरंच आनंद व्हायचा. मी खोटं सांगत नाही.

वरच्या विभागातला पहिला सामना जवळ आला. गावाने बंदरावर जेवण ठेवलं. कंपनीने एक नवा, मोठा, छापील झेंडा पाठवला होता. तोंकाने मला धुऊन, इस्त्री करून कॅन्टीनमागच्या खोलीत ठेवलं होतं. दुपारी प्रबोध फोनवर बोलत त्या खोलीत आला आणि त्याने दार लोटून घेतलं.

"सर, सीझन उद्यावर आलाय," तो म्हणत होता. "आता पैसे थांबवले तर हिवाळ्यापर्यंत क्लब बुडेल... हो, समजलं... नाही, इथे कुणाला कळणार नाही."

त्याने फोन खिशात टाकला. तेवढ्यात मातेओ दारातून डोकावला.

"मिस्टर प्रबोध, एक विचारू? ऑस्ट्रियातल्या एका क्लबने मला बोलावलंय. तीन वर्षांचा करार आहे. आज उत्तर द्यायचंय. पण आता बोनात्सा सोडून जायला मन होत नाही. मी थांबू का?"

प्रबोधने माझ्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. मग म्हणाला, "थांब. काळजी करू नकोस."

मातेओने त्याला मिठी मारली.

त्याच संध्याकाळी सगळ्या गावासमोर तोंकाने मला प्रबोधच्या हातात दिलं. "तू आम्हाला इथवर आणलंस. हा तुझ्या सिंगापूरला ने," ती म्हणाली. टाळ्या वाजत होत्या. त्याने मला घेतलं.

तांजोंग पगारच्या ऑफिसात मला काचेच्या कपाटात ठेवलं. पाहुणे आले की कंपनीचे साहेब मला दाखवायचे. थोड्याच महिन्यांत त्यांनी दाखवणं बंद केलं. खेळाडूंचे पगार थकल्याचं, बाहेरचे खेळाडू निघून गेल्याचं, मैदानाची वीज तोडल्याचं मी तिथेच ऐकलं. शेवटी क्लबचा परवाना गेला आणि मैदानाची जागा हॉटेलवाल्यांना विकली गेली. कुणीतरी म्हणालं, "ते फडकं काढा इथून." प्रबोधने मला लॅपटॉपच्या बॅगेत घालून घरी आणलं.

त्याचं घर सिंगापूरच्याच वुडलँड्स भागात होतं. तिथल्या फ्लॅटमध्ये जाड भिंतींची एक खोली असते, तिला शेल्टर म्हणतात. संकटाच्या वेळी लपण्यासाठी बांधलेली ही खोली लोक अडगळीसाठी वापरतात. प्रबोधने मला तिथे सुटकेसच्या मागे ठेवलं. मी वर्षानुवर्षं तिथे पडून होतो. अंगावर पिवळे डाग पडले, घडीवर कापड विरलं. प्रबोधची बायको मधुवंती एकदा आवराआवर करताना म्हणाली, "अरे, हे किती जुनं झालंय. टाकून देऊ का?"

"नको," तो म्हणाला.

"मग भिंतीवर लाव. तुला एवढ्या मानाने दिलेलं."

"नको म्हटलं ना, मधू."

तिने मला परत मागे सरकवलं.

मला बाहेर काढलं ते त्यांच्या मुलीने, ऋताने. ती चौदा वर्षांची आहे, बोलताना शेवटी सिंगापुरी 'लाह' जोडते आणि शाळेच्या मुलींच्या संघात खेळते. बूट शोधताना मी तिच्या हाती लागलो. मासा तिला फार आवडला. माझ्यावरचं नाव तिने फोनवर शोधलं, तेव्हा माला द्रागातल्या लहान मुलांच्या एका संघाचं पान निघालं. शाळेमागच्या खडीच्या जागेवर सराव करणारी मुलं, आणि त्यांच्या शर्टावर माझ्यासारखाच मासा. ऋताने माझा फोटो काढून त्यांना पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. तो संघ तोंकाची नात चालवत होती.

रविवारी सकाळी तोंका फोनच्या पडद्यावर आली. केस पूर्ण पांढरे झाले होते. मला पाहून तिने तोंडावर हात ठेवला.

"आम्हाला वाटलं कंपनीने टाकून दिला असेल," ती म्हणाली. "प्रबोध, तू सांभाळलास. मी नेहमी सगळ्यांना सांगते, त्या लोकांनी आमच्यासारखं तुलाही फसवलं. मातेओ तर तुझ्याबद्दल वाईट ऐकून घेत नाही. तो आता जहाजावर इंजिनात काम करतो. पुढच्या आठवड्यात त्याचं जहाज सिंगापूरला लागेल. त्याच्याकडे झेंडा देशील? मुलांना दाखवायचाय."

"देतो," प्रबोध म्हणाला.

फोन बंद झाल्यावर ऋताने विचारलं, "बाबा, तू असा गप्प का झालास? शी वॉज सो नाइस टू यू."

तो खुर्चीवर बसला आणि त्याने तिला सगळं सांगितलं. मधुवंती ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

"तेव्हा खरं सांगून नोकरी गेली असती तर इथे राहायचा पासही गेला असता," तो म्हणाला. "तुझी शाळा, हे घर... मला वाटलं, पैसे कुठून तरी उभे राहतील."

"पण त्याने तुला सरळ विचारलं होतं," ऋता म्हणाली. "यू मस्ट टेल हिम, लाह."

"झेंडा देऊन टाकला की झालं, ऋता. आता सांगून त्याचं काय भलं होणार आहे?"

मधुवंती हात पुसत बाहेर आली. "त्याचं होईल की नाही माहीत नाही," ती म्हणाली. "पण तू इतकी वर्षं या शेल्टरचं दार उघडत नाहीयेस, हे मी बघतेय."

मातेओ बंदराकडच्या हार्बरफ्रंट स्टेशनजवळ एका हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, भेटला. त्याला दुपारपर्यंतच किनाऱ्यावर राहायची परवानगी होती. तो जाड झाला होता आणि नखांत तेल होतं. त्याने प्रबोधला तशीच मिठी मारली. कॉफी आली. मला टेबलावर ठेवलं. मातेओ माझ्यावरचा मासा बोटाने चाचपत राहिला. ऋता वडिलांच्या शेजारी बसली होती. प्रबोधला तिथून उठून जाता आलं असतं. मातेओला काही कळलं नसतं.

"मातेओ," तो म्हणाला, "तू मला विचारलं होतंस, थांबू का म्हणून. तेव्हा मला माहीत होतं."

मातेओचं बोट थांबलं. "काय माहीत होतं?"

"पैसे बंद होणार आहेत हे. तू दारात यायच्या आधी मी त्याच फोनवर होतो. तुला जा म्हणायला हवं होतं. मी थांब म्हणालो."

आजूबाजूला थाळ्यांचा आवाज चालू होता. मातेओने कप बाजूला सरकवला.

"गावात दारूच्या गुत्त्यावर लोक तुमच्या नावाने थुंकायचे," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमच्यासाठी मी माझ्या मित्राशी मारामारी केली आहे. तो अजून माझ्याशी बोलत नाही."

"मला माफ कर," प्रबोध म्हणाला.

"ते आज नाही जमणार." त्याने खिशातून फोन काढला. "तोंकाला हे मी सांगू की तुम्ही?"

"मी सांगतो."

मातेओने फोन पाण्याच्या ग्लासाला टेकवून उभा केला. पडद्यावर तोंका आली. प्रबोधने तेच शब्द पुन्हा सांगितले, एकही मऊ न करता. तिने चष्मा काढला. मग म्हणाली, "सभेत मी उभी राहिले होते, प्रबोध. माझ्या शब्दावर लोकांनी हात वर केले. आता मला पुन्हा उभं राहून हे सांगावं लागेल."

"मी येऊन सांगतो. सगळ्यांसमोर," तो म्हणाला.

"ये," ती म्हणाली. "पण जेवायला बोलावणार नाही."

फोन बंद झाला. मातेओ उठला. त्याने ऋताला विचारलं, कुठल्या जागी खेळतेस? ती म्हणाली, मधल्या फळीत. त्याने मान हलवली. प्रबोधने निरोपाचा हात मिळवायला पुढे केला. मी घडी घातलेला होतो, एका हातात सहज मावलो असतो. पण मातेओने मला दोन्ही हातांनी धरून ठेवलं, आणि तो तसाच स्टेशनच्या दिशेने निघून गेला.

आता मी जहाजावर त्याच्या झोपायच्या बंकच्या वरच्या फळीवर आहे. इंजिनाची धडधड इथपर्यंत येते. रोज काम संपल्यावर मातेओ सुई-दोरा घेऊन बसतो आणि माझ्या विरलेल्या घड्या टाके घालून धरतो. त्याचे टाके वेडेवाकडे आहेत. प्रबोधने पुढच्या महिन्याचं तिकीट काढलं असल्याचं ऋताने त्याला कळवलं आहे. मातेओने उत्तर दिलेलं नाही, पण निरोप पुसूनही टाकलेला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं आम्ही जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतो. कापड फाटलं तर शिवता येतं, म्हणून त्याची मला फार चिंता नाही. माझी विनंती वेगळी आहे. कधीतरी कुणी तरी तुमच्या दारात येऊन विचारेल, "मी थांबू का?" तो तुमच्यावर विश्वास ठेवून विचारत असेल. तेव्हा तुमचं कितीही अडलेलं असो, त्याला जे खरं आहे ते तिथल्या तिथे सांगा.