धार थांबली की

ड्रिल दंडाच्या हाडात शिरलं आणि सर्जनसाहेबांची नजर पाण्याच्या धारेवर खिळली. हाड तापू नये म्हणून सिस्टर सिरिंजने पाणी सोडत होत्या. धार थांबली. त्याच क्षणी साहेबांनी ड्रिल थांबवलं. हाडाच्या पलीकडे, अगदी लगत, मनगट उचलणारी नस होती. ती शाबूत राहिली.

हाड आरपार झालं की ड्रिलचा सूर बदलतो, आणि सर्जन तो टिपून हात आवरतो. साहेबांचे कान मात्र उभा जन्म तेच ड्रिल ऐकून कामातून गेले होते. घरी याचा सुगावा लागायचा प्रश्नच नव्हता. नवऱ्याला आपलं बोलणं ऐकू येत नाही, यात बायकोला कधीच नवल वाटलं नव्हतं. इथे कळलं तर मात्र ड्रिल हातातून जाणार, याची साहेबांना मनापासून धास्ती होती. म्हणून ते कुणाला ताकास तूर लागू देत नव्हते. सिस्टरांचे कान तिखट. सूर बदलला की त्या पाणी थांबवणार. आपण धार बघायची, की झालं.

शस्त्रक्रिया आटोपली. आत पुढच्या बाईंना टेबलावर घेत होते, मांडीचं हाड मोडलेलं. दोघं बाहेर हात धुवायला उभे राहिले.

"साहेब, मी वॉर्डात बदली मागतेय," सिस्टर म्हणाल्या. त्या अलीकडे मोठ्यानेच बोलत, आणि साहेबांना ते बरं पडे.

"का हो? कोणी काही बोललं का?"

"कोण बोलणार मला? ड्रिलचा सूर कळेनासा झालाय. वर्ष तरी झालं असेल. ड्रिलवरचं तुमचं बोट जरा सैल पडलं, की मी पाणी बंद करते. तुमचे कान धड आहेत म्हणून निभावलं हो."

साहेबांनी मनात हिशोब केला. वर्षभरातलं एकही हाड कोणी ऐकलं नव्हतं.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी दारातून खूण केली. पेशंटबाई तयार होत्या.

"धाकट्या सर्जनना बोलवा, ड्रिल ते करतील," साहेब म्हणाले. मग सिस्टरांकडे वळले. "मलाही ऐकू येत नाही."

डॉक्टरीणबाई दारातच थबकल्या.

"काय म्हणालात?" सिस्टरांनी विचारलं.

साहेबांनी धुतलेल्या हातानेच मास्क हनुवटीखाली ओढला आणि तेच पुन्हा, सावकाश, आतल्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं.