टेक्सासमधले मेंढीचे कोट

तालिसचं थोबाडच देवानं असं घडवलं होतं, की मॉस्कोच्या सिनेमावाल्यांना हलकट अमेरिकन हवा झाला की फोन थेट लाटवियातल्या रीगाला यायचा. लांबोडकं नाक, निळे थंडगार डोळे. बिचाऱ्यानं आयुष्यात माशी मारली नसेल, पण पडद्यावर बँका बुडवल्या, मजूर चिरडले, एकदा तर अणुबॉम्ब टाकायला निघाला होता. या खेपेला तो टेक्सासचा शेरीफ होता.

प्रसंग साधाच. शेरीफ एका गरीब कुटुंबाला घर सोडायला तासभर देतो आणि ट्रकमध्ये कोंबतो. त्यांची गाठोडी बांधायचं काम आउस्माचं. स्टुडिओतलं सगळं सामानसुमान तीच सांभाळायची. तिनं बांधली. कुऱ्हाड, शिवणयंत्र, खारवलेलं डुकराचं मांस आणि वर मेंढीच्या कातड्याचे कोट. हात आपले चालत राहिले, डोक्याला कुणी विचारलंच नाही.

मॉस्कोहून देखरेखीला आलेल्या रोदियोनोवनं गाठोडं उलगडलं.

"बाई, टेक्सासच्या भट्टीत हे कोट? अंडी उबवायचीत का?"

 एकोणीसशे एकोणपन्नासच्या मार्चात, आउस्मा अकरा वर्षांची असताना, सोव्हिएत शिपायांनी हजारो लाटवियन घरांसारखा तिच्याही घराला असाच एक तास दिला होता. सैबेरियात हद्दपारीची आठ वर्षं काढून ती परतली आणि नोकरीच्या अर्जात ती आठ वर्षं तिनं गिळून टाकली. हे बाहेर आलं असतं तर नोकरी गेलीच म्हणून समजा. भोवतालच्या लाटवियन मंडळींनी गाठोडं ओळखून केव्हाच माना खाली घातल्या होत्या.

"ते माझे कोट आहेत," तालिस म्हणाला. "कंबर धरलीय माझी. अंथरून पडतो मधल्या वेळात. चुकून बांधले असतील पोरीनं."

रोदियोनोव हसला. "तरीच. आपल्या लोकांना असली गाठोडी बांधायची सवय कुठली? माणसांना त्यांच्याच घरातून उचलून गाडीत भरायचं, हे तिकडच्या रानटी लोकांनाच जमतं."

तो चहाला गेल्यावर तालिस हळूच म्हणाला, "किती वर्षं?"

"आठ. तुमच्याकडचं कोणी?"

"थोरली बहीण. नाही आली परत."

आउस्मा कोटाची घडी घालत राहिली. "आम्ही कोट घरातच विसरलो होतो, तालिसकाका. एक रशियन शिपाई, मिसरूडही धड फुटलं नव्हतं, धावत आत गेला आणि कोट आणून आईच्या अंगावर टाकले. तिकडे थंडी आहे म्हणाला. जन्मभर रशियनांना शिव्या घातल्या मी मनातल्या मनात. त्या पोराला मात्र घालवत नाहीत."

कॅमेरा सुरू झाला. शेरीफनं गाठोड्याला लाथ घालायची होती. तालिसनं गाठोडं उचललं आणि ट्रकमधल्या म्हातारीच्या मांडीवर अलगद ठेवलं.

"थांबवा," रोदियोनोव ओरडला. "अमेरिकन शेरीफला दया? कोण विश्वास ठेवेल? पुन्हा घ्या."

पुन्हा घेतलं. तालिसनं आउस्माकडे एकवार पाहिलं आणि लाथ घातली. शिवणयंत्र धुळीत गडगडलं. एवढी वर्षं आवरून धरलेलं रडू आउस्माला तिथं, सगळ्यांसमोर, कोसळलं. रोदियोनोव वळून बघू लागला.

"काय झालं बाई?"

तिनं नाक पुसलं.

"बिचारे अमेरिकन लोक, कॉम्रेड," ती म्हणाली.

रोदियोनोवनं खूश होऊन वहीत ते वाक्य लिहून घेतलं. बाकी कुणीच मान वर केली नाही.