सेफाकोच्या पाठीवरचं घट्ट खोगीर

सेंकू नदीच्या वरच्या अंगाला, जिथे मोटारीचा रस्ता संपतो आणि पुढे नुसती पायवाट डोंगर चढत जाते, तिथे एक होता मोथिबेदी, एक होती त्याची बायको मथाकाने, एक होती त्यांची घोडी सेफाको, आणि त्या घोडीच्या पाठीवर होतो मी. मी खोगीर बोलतोय. इतकी वर्षं गप्प बसलो. गप्प बसलो म्हणजे काय, कातडं होतं, पट्टे होते, बकलं होती, तोंड तेवढं नव्हतं. सगळं दुखणं तिथेच.

माझा जन्म सरहद्दीपलीकडचा, एका खोगीर शिवणाऱ्याच्या दुकानातला. आत लाकडाचा सांगाडा, वर गाईचं कातडं, पोटाला दोन लांबट गाद्या आणि त्यांत ठासून भरलेली मेंढीची लोकर. लाकूड ज्या मापाने कापलं त्याच मापाचा मी जन्मभर. माणूस चाळिशीत सुटतो, घोडं चांगल्या चाऱ्यावर रुंद होतं, खोगीर काही वाढत नाही. हे आधीच सांगून ठेवतो. पुढचा सगळा घोळ एवढ्याशा गोष्टीने झाला.

मोथिबेदी तेव्हा सोन्याच्या खाणीत कामाला होता. खाणीतून कायमचा परतला तो मला डोक्यावर घेऊन. मथाकाने दारात उभी होती. म्हणाली, बायकोसाठी काही आणलं नाहीस, घोड्यासाठी मात्र आणलंस. तो म्हणाला, घोडाच तुला माहेरी नेईल. त्यावर ती हसली आणि तिने मला आत घेतलं.

त्यांचा पहिला घोडा हाडकुळा होता, पाठ अशी की जणू छपराचा आढा. त्याच्यावर मी असा बसलो की दोघांना एकाच आईने घडवलं असावं. अकरा वर्षांत त्याच्या पाठीला कधी फोड आला नाही. तो म्हातारा होऊन मेला, मग आली सेफाको. राखाडी अंगावर पांढरे शिंतोडे, गारांचा सडा पडल्यासारखे, म्हणून नाव सेफाको, म्हणजे गारपीट. आली तेव्हा तीन वर्षांची, काटकुळी पोर. मी तिलाही बसलो. पण वरच्या कुरणातलं गवत काही वाईट नाही. सहाव्या वर्षी तिची छाती भरली, खांदे रुंदावले, आणि माझं लाकूड होतं तेवढंच राहिलं.

मोथिबेदीचं काम दवाखान्याचं. वरच्या सात गावांना रस्ता नाही, तिथे औषधांची पिशवी घोड्यावरून जाते. असे चार स्वार होते आणि त्यांचा म्होरक्या रामोकेते. नियम त्यानेच घातलेला. एकदा पिशवी पाडली तर माफ, दुसऱ्यांदा पाडली तर त्या घोड्याला काम नाही. मोथिबेदीकडे दुसरा घोडा नव्हता. म्हणजे सेफाको गेली की काम गेलं, आणि काम गेलं की चूल गेली.

आता माझी गोष्ट ऐका. चढाला लागलो की माझ्या सांगाड्याची पुढची दोन टोकं तिच्या खांद्यांमागे रुतायची. चिमट्यात धरल्यासारखी. मला कळायचं, कारण तिथलं मांस माझ्याखाली आधी तापायचं, मग ताठायचं. पट्टा आवळायला मोथिबेदी आला की ती कान पाडायची, वळून चावायला बघायची. तो म्हणायचा, हिचं डोकं फिरलंय. अरे बाबा, डोकं नाही, पाठ. पण कोणाला सांगू?

त्यात त्याने काय केलं म्हणता? त्याला वाटलं, खोगीर टोचत असेल. इथवर बरोबर आलं त्याचं. मग त्याने पेटीतून लग्नातलं लोकरीचं ब्लँकेट काढलं. आमच्या डोंगरात ब्लँकेट म्हणजे माणसाची इभ्रत, ते खांद्यावर घेतल्याशिवाय पुरुष मयताला जात नाही. ते त्याने चौघडी करून माझ्याखाली घातलं. गावाने वाहवा केली. जीव लावावा तर असा, स्वतः वाऱ्यात कुडकुडतो पण घोडीला ऊब देतो. आणि मी आतून ओरडतोय, अरे, आधीच जागा नाही, त्यात आणखी कुठे कोंबतोस? घोडी जास्त अंग चोरायला लागली की तो आणखी एक घडी घालायचा. जितकी माया, तितकं मी आवळत जायचो. कपाळ बडवून घ्यावं तर मला कपाळही नाही.

वसंतात ओढा उतरताना तिने पुढचे पाय रोवले, पाठ आखडली आणि मोथिबेदीला पिशवीसकट पाण्यात फेकलं. ही पहिली खेप. त्या दिवशी त्याने तिला काठीने मारलं. आयुष्यात पहिल्यांदा. मला पाठीवर तसंच ठेवून मारलं, आणि प्रत्येक फटक्याला ती आखडली की मी आणखी रुतलो. गुन्हा माझा, मार तिला. याहून वाईट दिवस मी पाहिला नाही.

रामोकेते म्हणाला, शुक्रवारी रस्त्याच्या टोकाला जनावरांचा ट्रक येतोय, दुसऱ्यांदा पाडायच्या आधीच देऊन टाक, त्या पैशात दुसरा घोडा बघ. ट्रक सरहद्दीपलीकडे जातो. तिकडे गेलेल्या घोड्यांवर कोणी बसत नाही, त्यांचं मांस होतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात जनावरांच्या खात्यातली बाई यायची होती. तिचं नाव पुसेलेत्सो. बारीक अंगाची, पायात गमबूट. तिच्याकडे म्हणे असा कॅमेरा होता जो रूप टिपत नाही, ऊब टिपतो. गरम जागा तांबडी दिसते, गार जागा निळी. घोडा चालवून आणायचा, खोगीर उतरवायचं आणि लगेच बघायचं. जिथे खोगीर दाबतं तिथे आग दिसते. हे ऐकून माझ्या शिवणी सैल झाल्या. म्हटलं, आलं एकदाचं माझं तोंड.

तिने निरोप पाठवला होता, घोडे कामावरून तसेच आणा, हात लावू नका. निरोप गावात पोचेपर्यंत त्यातलं एवढंच उरलं की घोड्यांचे फोटो काढणार आहेत. झालं. फोटो म्हटल्यावर आमच्या लोकांना कोण थांबवणार? मथाकानेने घोडीला ओढ्यावर नेऊन साबणाने धुतलं, ब्रश मारला, आयाळीत लाल लोकर गुंफली. रामोकेतेने आपला तांबडा घोडा सकाळपासून उन्हात उभा केला, उजेड चांगला पडावा म्हणून.

पुसेलेत्सोने कॅमेरा उचलला. सेफाको डोक्यापासून शेपटीपर्यंत निळीशार. ओल्या अंगाला कुठली ऊब? आणि रामोकेतेचा घोडा सगळाच्या सगळा पेटलेला. रामोकेते छाती काढून म्हणाला, "बघा, याला म्हणतात रक्त. बाकीच्यांची मेंढरं आहेत."

पुसेलेत्सो बिचारी डोकं धरून बसली. तिने नीट समजावलं की आजचे फोटो बाद, धुतलेल्या आणि तापवलेल्या अंगावरून काही कळत नाही. पण तिला दुपारी खालच्या गावाला जायचं होतं. ती गेली, आणि गावात राहिलं ते रामोकेतेचं म्हणणं. कॅमेऱ्यात घोडीच्या पाठीला काहीच निघालं नाही, म्हणजे खोट तिच्या स्वभावात. मोथिबेदीने ते ऐकलं आणि शुक्रवारी घोडी ट्रकला द्यायचं ठरवलं. माझ्याइतकं हताश त्या रात्री कोणी नसेल. खरं बोलणारं यंत्र दारात येऊन गेलं आणि यांनी त्याच्यावर पाणी ओतलं.

शुक्रवार उजाडला. थंडी होती, सूर्य डोंगराआड होता. मथाकाने म्हणाली, मीही येते. ती पायी, तो घोडीवर. ब्लँकेट होतंच माझ्याखाली. वाट दोन तासांची होती.

ट्रक उभा होता. आणि ट्रकमध्ये चढणाऱ्या जनावरांचे कागद तपासायला कोण होतं? पुसेलेत्सो. मोथिबेदीने कड्याच्या सावलीत मला उतरवलं, ब्लँकेट काढलं. पुसेलेत्सोने घोडीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि वडीलधाऱ्याला बाबा म्हणावं तसं आमचं न्ताते म्हणत विचारलं, "न्ताते, हिला आज कोणी धुतलंय का?"

"विकायच्या जनावराला कोण धुतं?" मथाकाने म्हणाली.

"मग जरा बाजूला व्हा."

तिने कॅमेरा धरला आणि दोघांना जवळ बोलावलं. पाठ हिरवी, पोट हिरवं, आणि खांद्यांच्या मागे, दोन्ही बाजूंना एकेक, असे दोन डाग, चुलीतल्या निखाऱ्यासारखे. मग तिने मला उचललं आणि उताणं केलं. उभ्या जन्मात माझं पोट असं चारचौघांत कोणी पाहिलं नव्हतं. कॅमेऱ्यात तिथेही तेच दोन डाग, त्याच जागी, त्याच आकाराचे. चोरी आणि चोर शेजारी शेजारी ठेवले होते. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त सुटल्यासारखं वाटलं.

तिने मला घोडीवर ब्लँकेटशिवाय ठेवलं आणि मोथिबेदीला म्हटलं, हात घाला खाली. हात जेमतेम गेला. मग चौघडी ब्लँकेट घालून ठेवलं. आता बोटंही शिरेनात.

"पाय बुटात मावेना तर तुम्ही जाड मोजा घालता का, न्ताते?"

मोथिबेदीने घोडीच्या मानेवर हात ठेवला. मग म्हणाला, "मी हिला मारलं."

मथाकाने त्याला बोलू देणारी नव्हे. "मारलंस, आणि माझ्या लग्नाचं ब्लँकेट घालून तिचं भलं करतोय असं गावभर मिरवलंस. मी तिला धुतलं, तू तिला आवळलंस. आता दोघं मिळून मुकाट्याने चालू या घरी." ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुसेलेत्सोने सांगितलं, दोन महिने पाठीवर काही ठेवायचं नाही. तेवढे दिवस मोथिबेदीने औषधांची पिशवी स्वतःच्या पाठीवर बांधून सात गावं पायी केली. रामोकेते हसायचा, म्हणायचा, नवा घोडा दोन पायांचा आहे. नियमात घोड्याने पिशवी पाडू नये एवढंच होतं, माणसाने वाहू नये असं नव्हतं. त्यामुळे त्याला काही करता येईना.

पुसेलेत्सो पुन्हा आली ती सगळे घोडे कामावरून सरळ आणायला लावून, कोरडे, सावलीत. रामोकेतेचा घोडा बघते तो काय, मधोमध कण्यावर तांबडी रेघ. त्याचं खोगीर रुंद आणि घोडा किडकिडीत, त्यामुळे ते सरळ हाडावर टेकलेलं. रामोकेतेने विचारलं, म्हणजे रक्त नव्हे? ती म्हणाली, रक्तच, पण नको तिथे.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. त्याचं रुंद खोगीर सेफाकोला चपखल बसलं, आणि मी त्याच्या तांबड्याला. दोघं एकमेकांचं तोंड न बघता अदलाबदल करायला तयार झाले. देण्याआधी मथाकानेने माझ्या गाद्या उसवल्या. आतली लोकर गाठी गाठी झाली होती, ती काढून तिने नवी विंचरलेली लोकर भरली. टाका घालताना म्हणाली, "तुझाही काय दोष, तुला जसं केलं तसा तू." माझ्याशी बोललेलं हे एकच वाक्य, तेही मी घरातून निघताना.

आता मी रामोकेतेच्या बुडाखाली आहे. तो एका बाजूला कलून बसतो, ज्वारीची दारू प्यायला की भलत्या सुरात गातो, आणि चढावर उतरून चालायचं त्याला कधी सुचत नाही. घोडा मात्र सुखी आहे. माझी टोकं कुठे रुतत नाहीत, याहून जास्त मला काय हवं? तरी एक सांगणं आहे. तुमचं जनावर चावायला लागलं, अडून बसलं, तर काठी शोधायच्या आधी खोगिराखाली हात घाला. कॅमेरा असेल तर उत्तम, पण तो प्रत्येक डोंगरावर येत नाही. हात सगळ्यांना दोन आहेत.

अदलाबदलीनंतरच्या हिवाळ्यात बर्फाने खालचा रस्ता महिनाभर बंद झाला. वरच्या खोऱ्याची सगळी औषधं सेफाकोने नेली, एकही बाटली न फुटता. दवाखान्याने मोथिबेदीला वरच्या वाटेचं काम कायमचं दिलं, बारा महिन्यांचं. मथाकानेने मेंढी कापली, मक्याची उकड आणि पालेभाजीची मोठमोठी भांडी चढवली, सगळ्या गावाला बोलावलं. रामोकेतेही गेला. मला घोड्यावर तसंच ठेवून त्याने घोडा कुंपणाला बांधला. आत माणसं जेवत होती, हसत होती, मथाकाने कोणाला तरी आग्रहाने वाढत होती. त्या घराचं भलं झालं. माझ्याशिवाय झालं, पण झालं.