मिसेस टिप्टनचं मत

चर्चच्या आवारात रोवलेल्या छोट्या झेंड्यांपाशी लेन कोवालिकनं गाडी थांबवली आणि कोटावरचा बिल्ला काढून खिशात टाकला. ‘शाळेसाठी हो’ असं त्यावर लिहिलं होतं. झेंड्यांच्या पलीकडे प्रचार चालत नसे.

“काढलास?” शेजारी बसलेल्या मिसेस टिप्टननी विचारलं.

“काढला.”

“चांगला होता. म्हणजे मला काही दिसला नाही, पण मार्सी सांगत होती.”

मिसेस टिप्टनच्या नजरेतली मधली जागा गेली होती. कडेचं तेवढं दिसे. समोरच्या माणसाचा चेहरा नाहीसा होऊन कान आणि खांदे उरत. काही पाहायचं असलं की त्या मान थोडी वळवून तिरकं पाहत.

लेन गावातल्या हायस्कुलात बँड शिकवायचा. काचेचा कारखाना बंद पडल्यापासून शाळेचं भागत नव्हतं. राज्याकडून येणारे पैसे पुरत नव्हते, म्हणून शाळेनं लोकांकडे जादा घरपट्टी मागितली होती. लोकांनी दोनदा नाही म्हटलं होतं. या खेपेला शाळेच्या मंडळानं स्पष्टच सांगून टाकलं, की पुन्हा नाही आलं तर जूननंतर बँड बंद, वाचनालय बंद आणि गावातल्या मुलांनी बसऐवजी शाळेत चालत यायचं. बँडबरोबर लेनची नोकरीही जाणार होती. त्यानं रजा टाकली होती आणि सकाळपासून तो गाडी नसलेल्या म्हाताऱ्या माणसांना मतदानाला नेऊन आणत होता.

मिसेस टिप्टन समोरच्या घरात राहायच्या. त्यांनी आदल्या दिवशी फोन केला होता.

“मला नेशील का? पण आधीच सांगून ठेवते. मी नाही म्हणणारे.”

“कोट घालून तयार राहा,” लेन म्हणाला होता.

फोन ठेवल्यावर त्याची बायको मार्सी त्याच्याकडे वळली होती. “म्हणजे आपलंच पेट्रोल जाळून विरोधातलं मत पोचवायचं,” ती म्हणाली. “एवढा चांगुलपणा तुला परवडतो कसा रे?”

चर्चच्या तळघरात टेबलामागे बसलेल्या बाईनं मतपत्रिका पुढे केली.

“मला वाचता येत नाही,” मिसेस टिप्टन म्हणाल्या. “हा भरेल माझी.”

बाईनं लेनकडे पाहिलं. तो कोणत्या बाजूचा आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

“आमच्यातल्या दोघी मदतीला येऊ शकतात, मिसेस टिप्टन. दोन पक्षांच्या दोघी.”

“मला हाच हवा.”

मदतनीस म्हणून लेननं सही केली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे दोघं खेटून उभे राहिले. हलक्या आवाजात तो एकेक नाव वाचत गेला. न्यायाधीशाच्या जागेसाठी त्यांनी ओळखीचं आडनाव निवडलं, दुसऱ्या एका जागेवर “सोड, दोघंही सारखेच” म्हणाल्या.

“आता शाळेचं.”

“वाच.”

कायद्याच्या भाषेतलं ते लांबलचक वाक्य त्यानं पूर्ण वाचलं. “काय करू?”

“सांगितलं होतं की तुला.”

“इथे सांगायला लागेल.”

“नाही,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी त्याच्याकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

वर ‘हो’चा गोल होता, खाली ‘नाही’चा. पेन हातात धरून लेन तसाच थांबला. पलीकडे कुणाची तरी खुर्ची सरकली. या गोलांचं कुणाला कधी कळणार नव्हतं. त्यानं खालचा गोल कडेपर्यंत नीट काळा केला आणि कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो यंत्राच्या फटीत सरकवला.



संध्याकाळी पिझ्झाच्या दुकानात प्रचारातली सगळी माणसं जमली होती. शेवटचे आकडे यायच्या आधीच लोकांनी कोट चढवायला सुरुवात केली. एकीनं उरलेल्या बिल्ल्यांचा खोका उचलला आणि कुठे ठेवावा ते न सुचून तो पुन्हा टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नेहमीसारखा, लेन मिसेस टिप्टनचा कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला आणून ठेवायला गेला. त्या दारातच उभ्या होत्या.

“शाळेचं पडलं म्हणे.”

“पडलं.”

“रेडिओवर ऐकलं. फरकही बराच होता. माझ्या एकटीच्या मतानं काही झालं नसतं.”

“नाही.”

“तू खालचाच काळा केलास?”

“तुम्ही सांगितलात तोच.”

मिसेस टिप्टननी दाराची चौकट धरली. “त्या बायका होत्या की तिथे. त्यांनी मी सांगितलं तस्संच केलं असतं. म्हणून तर तुला नेलं आत.”

लेन डब्याच्या मुठीवर हात ठेवून उभा राहिला.

“वाटलं, मी पाठ फिरवली की तू तुझं करशील,” त्या म्हणाल्या. “मी कधी विचारलं नसतं.”

“मग सरळ हो म्हणायचं होतंत.”

“कसं म्हणू? घरपट्टी झेपत नसेल तर घर वीक, म्हणून मुलगा तिकडनं मागे लागलाय. टेक्सासला ये म्हणतो, गॅरेजवरची खोली देतो म्हणतो. या घराबाहेर मला काही दिसत नाही रे, चाचपडत मरेन मी. माझ्या तोंडानं मी ते कसं म्हणणार?” त्या थांबल्या. “पण तुझी पोरं दुपारी मैदानावर वाजवतात, ते इथवर येतं. चुकीचं वाजवतात. पण येतं.”

“ट्रम्पेटवाले घाई करतात.”

“हां. तेच.” त्यांनी स्वेटर छातीशी ओढून घेतला. “चार दिवस झाले, काही ऐकू आलं नाही.”

“या मोसमाचं मैदानावरचं संपलं. आता आतच वाजवतो.”

“जूनपर्यंत आहात ना पण. मग वसंतात येईल ऐकू.”

वसंतातही ते मैदानावर जात नसत. सभागृहाची दारं लावून, खुर्च्यांवर बसून वाजवत. मैदानावर ते पुन्हा उतरायचे ते थेट ऑगस्टमध्ये.

“हो,” लेन म्हणाला. “वसंतात येईल.”