तीन बंद डबे

सभागृहात बसायला जागा नव्हती. खिडक्यांच्या कट्ट्यांवर लोक, दाराबाहेर चपलांचा ढीग आणि प्रत्येकाच्या मांडीवर डबा. कुणाला मधुमेह, कुणाला दमा, कुणाचं डायलिसिस चालू. सगळ्यांचं दुखणं जुनं आणि प्रश्न एकच: रोज जेवतो, तरी अंगात त्राण का नाही?

व्यासपीठावर ऊर्जागुरूंनी एका धिप्पाड प्लंबरला उभं केलं होतं. त्यांनी त्याचा डबा उघडला, आत डोकावलं आणि तो त्याच्या डाव्या हातात दिला. उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा धरायला लावला.

"यात पाव आहे," गुरू माइकवरून म्हणाले. "पेशींचा शत्रू. बघा आता."

त्यांनी दोन बोटांनी मनगटापाशी हात दाबला. तो जाडजूड हात अलगद खाली आला. मग पाव काढून त्यांनी हातात स्वतःचं हिरवं चूर्ण दिलं. "घट्ट धरा," म्हणून पुन्हा दाबलं. आता हात कांबीसारखा ताठ. टाळ्या पडल्या.

"अन्नाच्या लहरी असतात. लोखंडी पेटीत कुलूप लावून ठेवा, माझ्या बोटांना कळतंच."

हे शेवटचं वाक्य मला हवं होतं.

मी वार्ताहर असलो तरी तिथे बातमीसाठी गेलो नव्हतो. पुढच्या रांगेत माझी ताई बसली होती. तिला जुना संधिवात. चष्म्याच्या दुकानात ती भिंगं बसवायचं काम करते आणि हल्ली दुकानाचा जिना चढताना मध्येच पायरीवर टेकायची. गुरूंच्या बोटांनी आधी तिचं दूध बंद केलं, मग अंडी, मग डाळ. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तरी ती म्हणायची, "अंगातलं विष बाहेर पडतंय, म्हणून थकवा." डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं, रक्त कमी झालंय, स्नायू झिजताहेत.

आज तिच्या संधिवाताच्या गोळ्यांची पाळी होती. या गोळ्या एकदम थांबवल्या तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं होतं. ताईनं मला तेवढंच ठणकावून सांगितलं होतं, "हात खाली आला तर गोळ्या सोडणार. मध्ये बोलायचं नाहीस."

बोलण्यात अर्थ नव्हताच. तिनं स्वतःचा हात खाली पडताना पाहिला होता. त्यापुढे माझा शब्द काय टिकणार?

तोडगा काढला माझ्या भाचीनं. ही इयत्ता सातवीतली, वर्गातली भांडणं सोडवून तयार झालेली. ती आईला म्हणाली, "गुरूंना पेटीतलंही कळतं ना? मग मी डबे बंद करून देते. तुलाही सांगणार नाही कशात काय आहे. तपासू दे त्यांना."

ताईला यात गैर वाटलं नाही. तिचा गुरूंवर विश्वासच होता.

ताईची पाळी आली. व्यासपीठावर तीन सारखे डबे पाहून गुरू हसले. "उघडा, बाई."

"तुम्हाला गरज नाही म्हणालात," ताई साधेपणानं म्हणाली.

"एकात तुमचं चूर्ण," भाची म्हणाली, "एकात आईच्या गोळ्या आणि एकात घरचं. कापूस भरलाय, म्हणजे वाजणार नाही."

गुरूंनी सभागृहाकडे पाहिलं. माइक चालू होता. मागे फिरायला वाट राहिली नव्हती.

पहिला डबा. ताईचा हात ताठ राहिला. "हे आमचं चूर्ण."

दुसरा. हात खाली. "या गोळ्या. किती विषारी, बघा. आजपासून बंद."

तिसरा. हात धाडकन खाली. "हे घरचं. दुधाचं काहीतरी. सगळी ताकद हाच डबा शोषतोय."

झाकणं ताईनंच उघडली. पहिल्यात तिच्या गोळ्या. दुसऱ्यात हिरवं चूर्ण. तिसऱ्यातला कापूस तिनं उपसून काढला, डबा उलटा करून ठोकला. आत काही नव्हतं.

"घरचा आहे," भाची म्हणाली, "रिकामा डबा."

कुणीतरी खुदकन हसलं.

"संशयानं लहरी बिघडतात," गुरू म्हणाले.

"संशय मला नव्हता," ताई म्हणाली. "मला आत काय आहे तेही ठाऊक नव्हतं."

भाचीनं प्लंबरला बोलावलं. "काका, हात आडवा धरा." तिनं त्याच्या मनगटावर अचानक भार दिला, हात खाली गेला. "आता घट्ट धरा हं, दाबते." या वेळी तिनं कोपराच्या वर, खांद्याजवळ दाबलं. ती लोंबकळली तरी हात हलेना.

"दरवाजा कडीकडून ढकलला की सहज फिरतो, बिजागरीजवळ ढकलला की नाही," ती म्हणाली. "पाव असला की हे मनगटावर दाबतात, तेही न सांगता. चूर्ण असलं की आधी 'घट्ट धरा' म्हणतात आणि वर दाबतात."

"आणि पाव वाईट हे आधीच ऐकलेलं," प्लंबर स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाला. "मीच सोडला असेल हात."

काही लोक उठले. काही बसून राहिले. चूर्णाच्या टेबलापाशी नंतरही चार माणसं होतीच.

अन्नाचा आणि थकव्याचा संबंध खोटा नाही. गोडधोड खाऊन येणारी तरतरी लगेच उतरते, पोटभर जेवणानं सुस्ती येते, आणि डाळ-अंडी बंद केली की आजारी शरीर आणखी खचतं. मधुमेहाला चालेल ते मूत्रपिंडाच्या रुग्णाला चालेलच असं नाही. म्हणून रक्त तपासावं, डॉक्टरांना विचारावं, एका वेळी एकच बदल करून पाहावा. हे सावकाशीचं काम आहे; त्यावर टाळ्या पडत नाहीत.

ताईनं पहिल्या डब्यातली गोळी काढली, भाचीच्या बाटलीतल्या पाण्याबरोबर तिथेच, व्यासपीठावर, गिळली. खाली उतरताना रांगेतल्या एका बाईंनी तिचा पदर धरला. "मग आम्ही काय करायचं हो?"

"डबा द्या त्यांना," ताई म्हणाली. "फक्त झाकण उघडू नका."